तुळजापूरचा घाट आणि पट्ट्याची गाडी

आमच्या धाराशिव जिल्ह्यात नवी गाडी घेतली की ती आधी तुळजापूरला जाते. बोनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, नंबरप्लेटला झेंडूची माळ, चाकांखाली लिंबू, आणि मग आई भवानीचं दर्शन. खंडेनवमीला शस्त्रं, अवजारं पुजतात, तशी दसऱ्याला गाडीही पुजली जाते. गेल्या काही वर्षांत या पूजेच्या गाड्यांमध्ये क्लचचं पेडल नसलेल्या गाड्या वाढल्या आहेत. त्यांतल्या काही गाड्यांत तर गिअरच नाहीत. म्हणजे पहिला, दुसरा, तिसरा असे दात असलेल्या चाकांचे टप्पे नाहीत. दोन पुल्या आणि त्यांच्यावरून फिरणारा एक पोलादी पट्टा, एवढ्यावर त्या चालतात. या यंत्रणेला सीव्हीटी म्हणतात. आपल्याकडे तिचं नाव पडलंय ‘बेल्टची गाडी’.

या गाडीबद्दल दोन मतं ऐकू येतात. सोलापूर-पुण्याच्या गर्दीत चालवणारा म्हणतो, लोण्यासारखी चालते. गावाकडचा जाणता माणूस म्हणतो, शहरात ठीक आहे, घाटात ओढायची नाही, आणि पट्टा गेला तर लाखभराचा खड्डा. दोन्ही मतांत तथ्य आहे आणि दोन्ही अर्धवट आहेत. ही यंत्रणा कशाने टिकते, कशाने मरते आणि आपल्या जिल्ह्यात तिच्याकडून काय मागितलं जातं, हे नीट समजून घेण्यासाठी हा लेख.

चढ

सोलापूर सोडून धाराशिवच्या दिशेने निघालं की तामलवाडीपर्यंत रस्ता गाडीला काही विचारत नाही. तुळजापूर जवळ आलं की बालाघाटचा चढ सुरू होतो. सोलापूर आणि तुळजापूर यांच्या उंचीत सुमारे दोनशे मीटरचा फरक आहे, आणि त्यातला मोठा भाग शेवटच्या थोड्या अंतरात चढावा लागतो. घाट सह्याद्रीतल्या घाटांइतका अवघड नाही. पण उन्हाळ्याची दुपार, गाडीत पाच माणसं, डिकीत नैवेद्याचं सामान, एसी चालू आणि पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, एवढं जमलं की गाडीची परीक्षा पुरती होते.

अशा चढावर सीव्हीटीची गाडी मी चालवली आहे. ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनाचा आवाज एकदम वर जातो, काटा चार-साडेचार हजारांवर जाऊन तिथेच थांबतो, आणि वेग मात्र आपल्या चालीने, हळूहळू वाढतो. आयुष्यभर हाताने गिअर टाकलेल्या माणसाला वाटतं, क्लच घसरतोय, गाडी नुसती ओरडतेय, ओढत नाही. हाच आवाज या गाडीची निम्मी बदनामी करतो. प्रत्यक्षात त्या वेळी यंत्रणा बरोबर तेच करत असते, जे तिने करायला हवं. इंजिन ज्या फेऱ्यांवर हवी तेवढी ताकद देतं, तिथे त्याला धरून ठेवायचं आणि पुलीचं माप बदलत गाडीचा वेग वाढवायचा. हातगिअरच्या गाडीत काटा वर जातो, गिअर बदलला की खाली पडतो, पुन्हा वर जातो. इथे तो पडतच नाही. कानाला सवय नसते, म्हणून मनाला पटत नाही.

ही गोष्ट शर्यतीच्या गाड्यांच्या जगानेही पाहिली आहे. १९९३ साली विल्यम्स या फॉर्म्युला वन संघाने आपल्या गाडीत सीव्हीटी बसवून चाचण्या घेतल्या. १९९४च्या नियमांनी अशा यंत्रणेला बंदी घातली, आणि ती गाडी शर्यतीत कधी उतरलीच नाही. इंजिनाला सतत त्याच्या शिखरावर ठेवता येणं, हा या यंत्रणेचा मूळ गुण आहे.

आपल्या दारात आधीपासूनच

आता एक गोष्ट, जी बेल्टच्या गाडीला नावं ठेवताना आपण विसरतो. कळंबच्या बाजारात, उमरग्याच्या बसस्थानकाबाहेर, धाराशिवच्या शाळांच्या फाटकांसमोर पेट्रोलवरच्या ज्या शेकडो स्कूटर उभ्या असतात, त्या जवळपास सगळ्या सीव्हीटीवरच चालतात. भारतीय घरांत ही यंत्रणा रुजवण्यात एका मराठी मुलखातल्या उद्योगाचा हात आहे. पुण्याच्या फिरोदियांच्या कायनेटिकने जपानच्या होंडाशी हात मिळवून १९८४ साली कायनेटिक होंडा कंपनी उभारली. तिची स्कूटर निघाली मध्य प्रदेशातल्या पिथमपूरच्या कारखान्यात. किक मारायची गरज नाही, क्लच नाही, डाव्या हाताने मूठ फिरवून गिअर टाकणं नाही. त्या काळी स्कूटर म्हणजे चार गिअरची, तिरकी करून किक मारायची. बटण दाबून निघणाऱ्या या स्कूटरने कितीतरी बायकांच्या हाती पहिल्यांदा वाहन दिलं. २००१ साली होंडाची ॲक्टिव्हा आली आणि बिनगिअरची स्कूटर गावोगाव पोहोचली.

स्कूटरच्या डाव्या बाजूचं झाकण उघडलं की सगळा मामला डोळ्यांपुढे येतो. दोन बशा पाठीला पाठ लावून धरल्या की त्यांच्यामध्ये इंग्रजी व्ही आकाराची खाच तयार होते. तशी एक पुली इंजिनाकडे, एक चाकाकडे. पुढच्या पुलीच्या बशा लांब असल्या की पट्टा खाचेत खोल, दांड्याजवळ बसतो. म्हणजे छोट्या चाकाने मोठं चाक फिरवणं, पहिल्या गिअरची ताकद. वेग वाढला की पुढच्या पुलीतले रोलर बाहेर फेकले जातात, बशी दाबली जाते, पट्टा वर चढतो, आणि मागच्या पुलीत तेवढाच खाली उतरतो. मधे टप्पा कुठेच नाही. पिठाच्या गिरणीत लहान-मोठ्या पुल्यांचं जे गणित आहे तेच हे, फक्त पुली चालता चालता आपलं माप बदलते. सोयाबीन काढणीला येणाऱ्या अनेक हार्वेस्टरमध्येही फिरत्या भागांचा वेग कमी-जास्त करायला असाच पुलीपट्टा असतो. तेव्हा हे तत्त्व आपल्याला परकं नाही.

स्कूटरचा पट्टा रबराचा. वीस-पंचवीस हजार किलोमीटरला तो बदलायचा, हे तालुक्याच्या गावातल्या मेकॅनिकलाही पाठ आहे. पट्टा उघडा आहे, स्वस्त आहे, तासाभरात बदलून होतो. म्हणून स्कूटरच्या सीव्हीटीला कोणी भीत नाही. कारची भीती वाटते, कारण तिथे हेच तत्त्व ॲल्युमिनियमच्या बंद पेटीत, तेलात बुडालेलं आहे.

ओढणारा पट्टा नाही, ढकलणारा

कारमध्ये हा पट्टा आणला नेदरलँड्सच्या हुब फान डोर्ने यांनी. त्यांच्या दाफ कंपनीने १९५८ साली दाखवलेल्या छोट्या गाडीत रबरी पट्ट्यांची ‘व्हॅरिओमॅटिक’ यंत्रणा होती. पुढे जाण्याची आणि मागे येण्याची यंत्रणा सारखीच असल्याने ती गाडी उलटीही तितक्याच वेगाने पळू शकत असे, आणि हॉलंडमध्ये तिच्या उलट्या शर्यती लावल्या जात. पण रबराला मर्यादा होत्या. मोठ्या इंजिनाची ताकद त्याला पेलेना.

तेव्हा फान डोर्ने यांनी विचारच उलटा फिरवला. पट्टा ओढतो, तो ढकलणारा केला तर? पोलादाच्या पातळ चिपा, एका पट्ट्यात साधारण चारशे, एकीला एक लावून रांगेत बसवायच्या. त्यांना जागेवर धरायला दोन्ही बाजूंनी कागदासारख्या पातळ पोलादी कड्यांचे थर. पुली फिरली की एक चीप पुढचीला ढकलते, ती तिच्या पुढचीला. दोन तळहातांमध्ये पुस्तकांची आडवी रांग दाबून धरली की ती न पडता पुढे सरकवता येते, तसंच हे. १९८७ साली सुबारूच्या जस्टी या छोट्या गाडीत हा पोलादी पट्टा बाजारात आला, त्याच सुमारास युरोपातल्या फोर्ड आणि फियाटच्या लहान गाड्यांतही. हा पट्टा बनवणारी फान डोर्ने यांची कंपनी १९९५ साली बॉशने घेतली. काही उत्पादक चिपांऐवजी पोलादी साखळी वापरतात. ह्युंदाई आणि किया आपल्याकडे जिला ‘आयव्हीटी’ म्हणतात, तिच्यात साखळीच आहे.

इथे एक खुलासा. टोयोटा हायरायडर, मारुती ग्रँड विटारा आणि इनोव्हा हायक्रॉस यांच्या स्ट्राँग हायब्रिड गाड्यांतल्या यंत्रणेला ‘ई-सीव्हीटी’ म्हणतात. तिच्यात पट्टाही नाही आणि पुलीही नाही. दातेरी चाकांचा एक संच आणि दोन विजेच्या मोटारी मिळून वेग जुळवतात. पट्ट्याबद्दलची कोणतीही तक्रार तिला लागू पडत नाही. हायक्रॉसच्या साध्या पेट्रोल गाडीत मात्र पट्ट्याचीच सीव्हीटी आहे. विकत घेताना हा फरक विचारून घ्यावा.

कागदावरचे आकडे काय सांगतात

गाडी किती चालते, म्हणजे ॲव्हरेज किती देते, हा आपला पहिला प्रश्न. २०१५ साली बलेनो आली तेव्हा तिच्या पेट्रोलच्या हातगिअर आणि सीव्हीटी या दोन्ही गाड्यांचा प्रमाणित आकडा एकच होता, लिटरला २१.४ किलोमीटर. २०१८च्या होंडा अमेझच्या पेट्रोल गाडीत फरक अगदी थोडा, हातगिअर १९.५, सीव्हीटी १९. पण त्याच अमेझच्या डिझेलमध्ये हातगिअरला २७.४ आणि सीव्हीटीला २३.८. २०२० साली आलेल्या निसान मॅग्नाइटच्या टर्बोमध्ये हे आकडे तेव्हा २० आणि १७.७ होते.

या आकड्यांत एक ओळ दिसते. इंजिन हलकं आणि शांत असेल तर पट्टा फारसं काही खात नाही. टॉर्क, म्हणजे पिळाची ताकद, वाढली की पट्ट्याची किंमत मोजावी लागते. टॉर्कचेच आकडे पाहिले तर हे आणखी स्पष्ट होतं. अमेझच्या हातगिअर डिझेलला १०० पीएस आणि २०० न्यूटन मीटर टॉर्क होता. सीव्हीटीच्या गाडीत तेच इंजिन ८० पीएस आणि १६० न्यूटन मीटरवर आणून ठेवलं होतं. मॅग्नाइट टर्बो हातगिअरला १६०, सीव्हीटीला १५२. कंपनीने इंजिनाला लगाम घातला. पुली पट्ट्याला जितकी घट्ट आवळेल तितकीच ताकद पट्टा पेलू शकतो, आणि घट्ट आवळायला तेलाचा दाब लागतो, तो दाब तयार करायला पंप लागतो, पंपाला ताकद लागते, आणि त्या सगळ्यातून उष्णता निघते.

बलेनोची सीव्हीटी २०२२ साली बंद झाली आणि तिच्या जागी कंपनीने एएमटी आणली. एएमटी म्हणजे आपला नेहमीचाच हातगिअरचा गिअरबॉक्स, फक्त क्लच दाबणं आणि गिअर टाकणं हे काम यंत्र करतं. ती झटके देते, पण स्वस्त आहे, आणि तिची पेटी कोणत्याही मेकॅनिकला ओळखीची आहे. आमच्याकडच्या गिऱ्हाइकाला ती का भावते, हे समजण्यासारखं आहे.

पट्टा कशाने मरतो

एक साधं गणित मांडू. माणसं आणि सामान धरून गाडीचं वजन १,४०० किलो. शंभर मीटरला सहा मीटर चढ. वेग ताशी ४० किलोमीटर. नुसती ती गाडी वर उचलायला नऊ किलोवॅट लागतात, रस्त्याचा आणि हवेचा विरोध धरून अकरा-बारा. गिअरबॉक्समध्ये बारा-पंधरा टक्के ताकद वाया जाते असं धरलं, तर ती दीड किलोवॅटच्या वर जाते. घरी बादलीत पाणी तापवायला दीड हजार वॅटचा रॉड लावतो ना, तसा एक रॉड काही लिटर तेलात सतत चालू आहे, असं समजा. ते तेल थंड करायला गाडीला वारा हवा. आणि ट्रॅक्टरमागे अडकलेल्या गाडीला वारा मिळत नाही.

हे तेल साधं तेल नाही. साध्या गिअरबॉक्सचं तेल दात घासू नयेत एवढंच पाहतं. सीव्हीटीच्या तेलाकडून दोन उलट कामं मागितली जातात. पोलादावर पोलाद झिजू नये म्हणून त्याने बुळबुळीत असायचं, आणि त्याच जागी पट्टा निसटू नये म्हणून पकड धरायची. ही कसरत ते ठराविक तापमानात आणि ठराविक आयुष्यापर्यंतच करतं. तेल करपलं, त्यात धातूचा कीस साचला, की दाब सांभाळणाऱ्या बारीक झडपा अडकू लागतात. दाब कमी पडला की पट्टा क्षणभर निसटतो. त्या एका निसटण्याने पुलीच्या आरशासारख्या पृष्ठभागावर ओरखडा उमटतो. पुढे पट्टा त्या ओरखड्यावरून फिरतो. घरघर, धक्के, चढावर ताकद जाणं, ही लक्षणं त्यानंतर दिसतात. म्हणजे तक्रार कानावर येते तेव्हा आजार जुना झालेला असतो.

ही भीती काल्पनिक नाही. अमेरिकेत निसानला २००३ ते २०१० या वर्षांतल्या आपल्या सीव्हीटी गाड्यांची हमी वाढवून दहा वर्षं किंवा १,२०,००० मैल, म्हणजे सुमारे १,९३,००० किलोमीटरपर्यंत न्यावी लागली. उलट बाजूही खरी आहे. जपानमध्ये छोट्या गाड्यांत सीव्हीटी वर्षानुवर्षं सर्रास वापरात आहे. टोयोटाने २०१८ साली अशी सीव्हीटी आणली की गाडी जागेवरून निघते दातेरी पहिल्या गिअरवर, आणि वेग आल्यावर काम पट्ट्याकडे जातं. म्हणजे सर्वांत मोठा ताण ज्या क्षणी येतो, तिथून पट्ट्याला बाजूला काढलं. कारखान्यातल्या माणसांनी दुखणं कुठे आहे हे ओळखलं आहे. आता आपली पाळी.

पुस्तकातला दुसरा रकाना

गाडीसोबत मिळणाऱ्या पुस्तकात देखभालीचा तक्ता असतो. बहुतेक पुस्तकांत दोन प्रकार दिलेले असतात, सामान्य वापर आणि कठोर वापर. कठोर वापर म्हणजे काय, याचीही यादी असते. धुळीचा रस्ता, डोंगराळ भाग, कडक ऊन, जास्त ओझं, थांबत थांबत चालणं, थोड्या थोड्या अंतराच्या फेऱ्या. ही यादी वाचली की मला वाटतं, कोणीतरी धाराशिव जिल्ह्याचंच वर्णन लिहिलं आहे. भूम-परंड्याकडचे धुळीचे रस्ते, तुळजापूर आणि येडशीचे घाट, चाळीस अंशांच्या वरचा उन्हाळा, लग्नसराईत आणि देवदर्शनाला ठासून भरलेली गाडी, ऑक्टोबरपासून पुढे कारखान्याकडे निघालेली उसाची वाहतूक. अश्विन पौर्णिमेला तर सोलापूरकडून आणि कर्नाटकातून पायी येणाऱ्या भाविकांनी रस्ता फुलून जातो, आणि त्या दिवसांत गाडी चालवायची तर पावलापावलाने.

मला जे सांगायचं आहे ते हेच. कंपनीने ज्याला अपवाद म्हणून दुसऱ्या रकान्यात ठेवलं, तो आपला रोजचा वापर आहे. पट्टा कमजोर आहे म्हणून तो आपल्याकडे मरत नाही. आपण पहिला रकाना वाचतो म्हणून मरतो. ‘या गाडीचं तेल बदलावंच लागत नाही’ हे वाक्य कोणी सांगितलं तर ते मान्य करू नका. तेलाचा नेमका पल्ला गाडीगणिक वेगळा असतो, तो आपल्या पुस्तकातून काढावा. तो सापडत नसेल किंवा शंका असेल, तर आपल्या वापरासाठी ४०,००० किलोमीटरला तेल बदलणं हा सावधपणाचा हिशेब आहे. तेल मात्र कंपनीने सांगितलेल्या नावाचंच. साधं ऑटोमॅटिकचं तेल सीव्हीटीत घालणं म्हणजे पट्ट्याची पकडच काढून घेणं.

चालवण्याच्या सवयीही साध्या आहेत. चढावर गाडी ॲक्सिलरेटरवर धरून उभी करू नये, ब्रेकवर धरावी. ॲक्सिलरेटर एकदम तळाला नेऊ नये, थोडा आधीपासून आणि बेताने द्यावा. येडशीहून बार्शीकडे घाट उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये टाकून पेट्रोल वाचवण्याचा मोह टाळावा. गिअरच्या दांड्यावर एल, एस किंवा बी यांतलं जे आपल्या गाडीत असेल ते लावावं, म्हणजे इंजिनही गाडीला रोखून धरतं आणि ब्रेक तापत नाहीत. पुढे जाणारी गाडी पूर्ण थांबल्याशिवाय रिव्हर्स टाकू नये. चढावर ताकद अचानक कमी झाली आणि दिवा लागला, तर गाडी बाजूला घ्यावी, इंजिन चालू ठेवून विसावा द्यावा. तेल तापलं की यंत्रणा स्वतःला वाचवायला ताकद कमी करते. तिच्याशी झगडू नये.

आणि सर्वांत महत्त्वाचं, गाडी बंद पडली की गावाकडे पहिला उपाय ठरलेला असतो, दोर बांधा आणि ट्रॅक्टरला लावा. सीव्हीटीच्या गाडीला हे चालत नाही. इंजिन बंद असतं तेव्हा तेलाचा पंप बंद असतो, आणि पुढची चाकं रस्त्यावर फिरत राहिली की पेटीतले भाग कोरडे घासतात. दहा-बारा किलोमीटरच्या ओढण्यात चांगली पेटी खराब होऊ शकते. पुढची चाकं उचलून किंवा पूर्ण गाडी दुसऱ्या वाहनावर चढवूनच न्यावी. ढकलून चालू करायचा तर प्रश्नच नाही, ती तशी चालूच होत नाही.

जुनी सीव्हीटी घेणाऱ्यांनी इंजिनाआधी तेलाची नोंद मागावी. थंड गाडी चालवून पाहावी आणि अर्ध्या तासाने तापलेली गाडी चढावर चालवून पाहावी. निघताना थरथर, एकसारख्या वेगात गुणगुण, रिव्हर्सला उशीर, यांतलं काही जाणवलं तर किंमत कितीही कमी असो, परत फिरावं.

कोणाला घ्यावी, आणि कोणी काय करावं

रोज धाराशिव शहरात आणि आसपास फिरणारा, महिन्यातून दोनदा सोलापूर किंवा लातूर गाठणारा, तेलाची तारीख पाळणारा माणूस सीव्हीटी निःशंक घेऊ शकतो. गुडघे दुखणाऱ्यांना, नव्याने शिकणाऱ्यांना, गर्दीत चालवणाऱ्यांना तिच्याइतकी मऊ गाडी या किमतीत दुसरी नाही. ज्यांची गाडी शेतात जाते, सतत सात-आठ माणसं वाहते किंवा भाड्याने पळते, त्यांनी हातगिअर किंवा टॉर्क कन्व्हर्टरची, म्हणजे टप्प्यांचे गिअर असलेली, ऑटोमॅटिक घ्यावी. हा माझा निवाडा आहे.

कंपन्यांकडे एक मागणी आहे. दुसरा रकाना मराठीत, मोठ्या अक्षरांत छापा, आणि गाडीची किल्ली देताना तो गिऱ्हाइकाला वाचून दाखवा. आणि आपल्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम शिकणाऱ्या पोरांसमोर एक सीव्हीटीची पेटी उघडून ठेवा. त्यांच्यातल्या कितीतरी जणांनी स्कूटरचं झाकण हजारदा उघडलं आहे. तीच खाच, तीच पुली, तोच पट्टा त्यांना पोलादात दाखवला, की जिल्ह्यातल्या गाडीला पुण्याची वाट धरावी लागणार नाही.

तोवर आपल्या हाती एक गोष्ट आहे. दिवाळीच्या सुट्टीत गाडी तुळजापूरला न्याल, तिला हळदकुंकू वाहाल. त्याआधी तिच्या सर्व्हिसिंगचं पुस्तक काढा आणि एवढंच पाहा, ट्रान्समिशनचं तेल शेवटचं कधी बदललं. तारीख सापडली नाही, तर घाट चढण्याआधी तेल बदलून घ्या.